फ्रिजच्या पाठीमागचा उन्हाळा

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावी, आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात), संध्याकाळचे सहा वाजले होते. फ्रिजमधल्या पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलेला थर्मामीटर १५ अंश दाखवत होता, बाहेर ४२ होतं. एसीने आतली खोली २७ पर्यंत खाली आणली होती, त्यामुळे माणसांचं तसं बरं चाललं होतं. घरून करून नेलेलं श्रीखंड पळीवाढं झालं होतं, दुधाला वास सुटला होता, आणि मधल्या कप्प्यात आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, इन्सुलिनची दोन न उघडलेली पेनं होती. श्रीखंड टाकून देता येतं. इन्सुलिनचं तसं नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात घेतलेलं पेन मात्र साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं (किती अंशांपर्यंत ते त्या-त्या औषधाच्या कागदावर छापलेलं असतं). म्हणजे १५ अंशांनी औषध लगेच वाया जात नाही, फक्त ‘न उघडलेलं’ हा त्याचा मान जातो. गावातल्या फार्मासिस्टने दोन्ही पेनांवर त्या दिवसाची तारीख लिहायला लावली आणि चार आठवड्यांत संपवा म्हणून सांगितलं. प्रश्न सुटला, पण सहल अजून सहा दिवसांची होती आणि हवामानखात्याचा अंदाज ४३ चा होता.

पुढच्या चार दिवसांत काय केलं, काय चुकलं आणि कशाने किती फरक पडला, ते सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. तेच इथे सविस्तर मांडते.

गाडी आणि जागा

आमची कॅरॅव्हॅन सोळा फुटी, जुनी, पॉप-टॉप जातीची. म्हणजे थांबल्यावर छत फूट-दीड फूट वर उचलायचं आणि मधल्या फटीला कापडी भिंत. ओढायला हलकी, पण त्या कापडातून ऊन-वारा सगळंच आत येतं. फ्रिज तीन प्रकारे चालणारा: मुक्कामाला २४० व्होल्टवर, रस्त्यात गाडीच्या १२ व्होल्टवर आणि रानात गॅसवर. ऑस्ट्रेलियात याला सगळे ‘थ्री-वे’ म्हणतात. आधीच्या मालकाने मूळचा फ्रिज बिघडल्यावर दुसरा बसवून घेतला होता, त्यापेक्षा थोडा लहान. हे आम्हाला विकत घेताना माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे कळलं नव्हतं.

मिल्ड्युरा मेलबर्नपासून साधारण साडेपाचशे किलोमीटर, मरे नदीच्या काठी, व्हिक्टोरिया राज्याच्या पार वायव्य टोकाला. १८८७ साली मूळच्या कॅनडाच्या, पण कॅलिफोर्नियाहून आलेल्या चॅफी बंधूंनी नदीचं पाणी उचलून इथे मळे वसवले. आज द्राक्षं, बेदाणा, संत्री, बदाम. तासगावकडे दिसतात तसे बेदाणा सुकवायचे जाळीचे मांडव इथेही शेतोशेती उभे असतात. जानेवारीत अजून रिकामे होते. बेदाणा जिथे उघड्यावर सुकतो तिथली हवा कशी असेल, हे वेगळं सांगायला नको. आम्ही अकोल्याचे, आम्हाला ऊन नवीन नाही. आई तर पहिल्या दिवशी खाली उतरताच म्हणाल्या, “अगं, हे तर आपलंच ऊन आहे की! तिकडून इकडे कशाला आणलंत मला?”

रस्त्यातच पहिला घोळ

निघायच्या आदल्या रात्री घरी वीज जोडून फ्रिज ४ अंशांवर आणला होता. हे करावंच लागतं. हा फ्रिज गार व्हायला रात्र घेतो. दिवसभराच्या रस्त्यात तो १२ व्होल्टवर होता आणि पोचेपर्यंत ११ वर गेला. मिल्ड्युराला गाडीचं इंजिन चालू ठेवून नवऱ्याने मीटर लावला: बॅटरीशी १३.८ व्होल्ट, फ्रिजच्या टोकाशी १०.४. मधले जवळपास साडेतीन व्होल्ट बारीक वायरीनेच खाल्ले.

साडेतीन व्होल्ट म्हणजे थोडं वाटतं. पण फ्रिजच्या मागे साधी हीटरची कॉइल असते (गार करायला हीटर कसा, ते पुढे सांगते), आणि तिची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ व्होल्टसाठी बनवलेल्या कॉइलला १०.४ मिळाले की तिची ताकद तीन चतुर्थांशावर येते. आठ तास बिचारा उपाशीपोटी धावला. त्याला जाड वायर टाकणं हे घरी परतल्यावरचं काम होतं, म्हणून तिथे नोंद करून सोडून दिलं.

तो मुक्कामाला वीज मिळाल्यावरही सावरेना, उलट ११ वरून १५ वर गेला. खरा प्रश्न इथून सुरू झाला.

हा फ्रिज चालतो कसा

घरच्या फ्रिजसारखा याला कॉम्प्रेसर नसतो. हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली, आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ती घरोघरी नेली. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. खाली कॉइलने किंवा गॅसने उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. पाठीमागच्या पत्र्याच्या पंखांपाशी ती वाफ निवते आणि तिचा द्रव होतो. तो द्रव उतारावरून आतल्या कप्प्याकडे वाहतो, तिथे हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जातो आणि जाताना कप्प्यातली उष्णता घेऊन जातो. मग पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं, आणि तसं करतानाही पाठीमागे उष्णता बाहेर टाकतं.

द्रव आपल्या वजनाने वाहतो, म्हणून गाडी सपाट उभी लागते. आमच्याकडे गवंड्याची छोटी पाणसळ असते, ती फ्रिजच्या तळाला ठेवून बघायची. तिरका उभा ठेवून बराच वेळ चालवला तर या जातीचा फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. आमचा बुडबुडा मात्र बरोबर मधोमध होता.

यात मला एक गोष्ट उशिरा उमगली. पाठीमागे वाफ निवली तरच पुढचं सगळं. पाठीमागची हवाच साठ अंशांची असेल तर वाफ निवणार कशी? आम्ही दिवसभर दार कमी उघडा, बटण वाढवा, बाटल्या बर्फाच्या ठेवा असं आतूनच चाललो होतो. आणि एसीचा गारवा फ्रिजला मुळीच मिळत नव्हता. त्याची पाठ श्वास घेते ती बाहेरच्या भिंतीवरच्या दोन जाळ्यांतून: खालून हवा आत, वरून बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटे थर्मामीटरची वायर वरच्या जाळीत सोडली. आदल्या संध्याकाळी तिथे काय असेल याची कल्पना नको. त्या दिवशी सकाळी नऊलाच ४८ होतं.

उत्तरेची सावली

जागेवर सिमेंटचा चौथरा दिशांच्या मानाने तिरका होता. गाडी लावताना दोनच पर्याय: फ्रिजची भिंत वायव्येला किंवा आग्नेयेला. ही निवड मी केली. उत्तरेकडे सावली, हे लहानपणापासून डोक्यात इतकं पक्कं, की मी बेधडक वायव्य सांगितली. नऊ वर्षं दक्षिण गोलार्धात राहून! इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. शिवाय घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे असतं आणि मिल्ड्युरा राज्याच्या पश्चिमेला, त्यामुळे जानेवारीत सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी पावणेदोनच्या सुमारास, आणि मावळतो साडेआठच्या आसपास. म्हणजे वायव्येच्या भिंतीला दुपारपासून अंधारापर्यंत सलग ऊन. फ्रिजच्या पाठीला आम्ही सात तास तव्यावर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गारव्यात, गाडी उलटी फिरवली. फ्रिज आग्नेयेला गेला आणि दाराची बाजू, जिथे गुंडाळी उलगडून बाहेर काढायची कनात असते, ती उन्हाकडे आली. कनात आता खरोखर उन्हाला आडवी होती. विजेची केबल पुरेना म्हणून लांब केबल आणली. (ती सगळी उलगडून ठेवायची, एसी चालू असताना गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.)

त्या दिवशी बाहेर ४३ झालं, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा एक अंश जास्तच. संध्याकाळी सहाला फ्रिजमध्ये १२. नुसती गाडी वळवून, पैसा न खर्चता. पण १२ म्हणजे अजून दूध नासायचंच. इथल्या अन्नसुरक्षेच्या नियमात ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा धरतात. त्यात दोन तासांच्या आत असलेला पदार्थ परत गार करता येतो, दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खाऊन टाकायचा, चारच्या वर फेकायचा. दूध-दही आम्ही बर्फाच्या पेटीत हलवलं. तिला इथे एस्की म्हणतात.

टॉवेलवरचा कोरडा चौकोन

तिसऱ्या दिवशी विदर्भाची बुद्धी चालवली. हवा कोरडी ठणठणीत, कूलर इथे उत्तम चालणार. मग फ्रिजच्या जाळ्यांवर वाळ्याच्या ताटीसारखा ओला पडदा का नको? ही कल्पना या देशालाही परकी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९० च्या दशकात सोनं शोधायला गेलेल्या माणसांनी कुलगार्डीत गोणपाटाच्या भिंतींचं कपाट केलं, त्यावर पाणी ठिबकत ठेवलं आणि लोणी-मांस त्यात टिकवलं. ‘कुलगार्डी सेफ’ या नावाने ते पुढे कितीतरी घरांत होतं. आपला माठच तो, फक्त चौकोनी.

दुपारी एकला फ्रिज ८ वर होता. दोन्ही जाळ्या झाकतील असा मोठा ओला टॉवेल भिंतीवर टांगला. चारला बघितलं तर १३.

चूक उघड होती: ज्या वाटेने फ्रिज श्वास घेतो तीच मी ओल्या कापडाने बुजवली. (विजेवर होता म्हणून निभावलं. गॅसवर चालू असताना जाळी झाकणं म्हणजे जळालेल्या वायूची वाट बंद करणं. ते कधीही करू नये.) पण टॉवेल काढताना त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिथेच थांबले. वरच्या जाळीच्या जागी लांबट चौकोन कडक वाळला होता, पापडासारखा. खालच्या जाळीपाशी टॉवेल अजून ओलाच. त्या उन्हात, त्या हवेत, तीन तासांनी ओला! खालून हवा ओढली गेली असती तर ती जागा आधी वाळायला हवी होती.

टॉवेल काढल्यावर टिश्यूपेपरची एक पट्टी खालच्या जाळीसमोर धरली. हलली नाही. वरच्या जाळीसमोर जराशी थरथरली. म्हणजे धुराड्यासारखा जो ओढा पाठीमागे तयार व्हायला हवा, तो मुळात नव्हताच. उष्णता वर नुसती कोंडून होती, वाट चुकल्यासारखी.

पत्रा आणि दोन पंखे

चौथ्या दिवशी वीज बंद केली, गॅसची टाकी बंद केली आणि जाळ्या काढून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. फ्रिजची पाठ आणि बाहेरची भिंत यांत चार बोटं अंतर. इथे बोटभर हवं. अंतर जास्त असलं की हवा पंखांना न शिवता बाहेरच्या बाजूने आळशासारखी वर जाते. त्याहून वाईट म्हणजे फ्रिजच्या डोक्यावर रिकामी पोकळी, जुन्या मोठ्या फ्रिजची उरलेली जागा. गरम हवा आधी तिथे साठायची, भरली की मग थोडी जाळीकडे सांडायची. आणि त्या पोकळीला वरच्या कपाटाकडे एक फट होती. आईंच्या चहा-मसाल्याचा डबा रोज गरम का लागतो, याचं उत्तर त्या फटीत मिळालं.

ही फट मला सगळ्यात गंभीर वाटली. तिच्यातून गरम हवा खोलीत येत होती आणि एसी ती उपसत होता, हे झालंच. पण फ्रिज गॅसवर असता तर जळालेला वायू, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, झोपलेल्या माणसांकडे आला असता. फ्रिजची पाठ खोलीपासून पूर्ण बंदच असली पाहिजे. फ्रिज बदलणाऱ्याने एवढं काम का सोडलं, कोण जाणे. परवानाधारक गॅसफिटरने ती बंद करून तपासेपर्यंत आम्ही गॅसला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि पाळलं.

बाकीचं आम्ही केलं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणून फ्रिजच्या वरच्या मागच्या कडेपासून वरच्या जाळीच्या वरच्या कडेपर्यंत तिरका बसवला, म्हणजे पोकळी बंद आणि हवेला वाट थेट बाहेरची. दुसरा पत्रा बाहेरच्या भिंतीच्या आतून, अंतर कमी करायला. फोम किंवा लाकूड मुद्दाम टाळलं, कारण जवळच धुराची नळी आहे. मग कॉम्प्युटरमध्ये असतात तसे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे, वरच्या पंखांच्या किंचित खाली, वर फुंकतील असे. दोन्ही मिळून अर्धा ॲम्पिअरसुद्धा खात नाहीत. सोबत एक तापमानाचा स्विच, पाठ तापली की पंखे चालू.

चालू केल्यावर पुन्हा टिश्यूची पट्टी धरली. खालच्या जाळीला ती चिकटूनच बसली.

मेहनतीचं काम सकाळी साडेअकराला संपलं. फ्रिजला सावरायला एक रात्र दिली. पाचव्या दिवशी बाहेर ४१, संध्याकाळी सहाला फ्रिज ७, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३. बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक पहिल्या दिवशी २७ होता, गाडी वळवल्यावर ३१, पंख्यांनंतर ३४. दिवसागणिक हवा वेगळी असते, म्हणून मी नुसत्या आतल्या आकड्यापेक्षा या फरकाकडे बघते. अर्थात ७ म्हणजे ५ नव्हे; दुपारी चार ते आठ दूध एस्कीतच राहिलं.

खोलीचं थोडक्यात

आमचं छत साधारण अकरा चौरस मीटर. भर दुपारी चौरस मीटरला किलोवॉटभर ऊन पडतं, म्हणजे छतावर अकरा किलोवॉट. पांढरा रंग त्यातलं बरंचसं परतवतो, तरी उरतं ते एसीला नाकी नऊ आणायला पुरेसं. काम सोपं आहे: ऊन काचेच्या आत शिरण्याआधी बाहेरच अडवायचं. खिडक्यांवर बाहेरून चंदेरी पडदे, छतातल्या झरोक्याला झाकण, पॉप-टॉपच्या कापडी भिंतीवर शेडनेट, तेही भिंतीला न चिकटवता वीतभर दूर. आतून लावलेला पडदा फार उपयोगी पडत नाही, काचेतून आलेली उष्णता आतच राहते. सकाळी आठला सगळं बंद, एसी दहालाच सुरू. खोली तापल्यावर सुरू केला तर तो संध्याकाळपर्यंत गाद्या आणि कपाटंच गार करत बसतो. रात्री बाहेर पार विशीपर्यंत उतरतं, तेव्हा छत वर, खिडक्या सताड.

पोळ्या पहाटे, कनातीखाली, बाहेरच्या शेगडीवर. आत फोडणी द्यायची नाही यावर आईंची आधी नाराजी होती. “वासाशिवाय घर म्हणजे काय घर?” दोन दिवसांनी त्यांनीच बाहेर खुर्ची टाकली.

फ्रिज भरण्याचे नियम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा चांगले पाळले. गरम भाजी आत नाही, खरेदी केलेलं सामान संध्याकाळनंतरच आत, डबे एकमेकांना चिकटून नाहीत, पेनं मधल्या कप्प्यात. मागच्या थंड पत्र्याला लागून मुळीच नाहीत, कारण रात्री तिथे बर्फ धरतो आणि गोठलेलं इन्सुलिन कायमचं बाद. पेनांसाठी आम्ही पाण्यात भिजवायची थैलीही घेतली, उडत्या पाण्याने गार राहणारी. आई म्हणाल्या, लोडशेडिंगच्या दिवसांत त्यांनी हेच काम मडक्यात केलं होतं.

परतल्यावर

गॅसफिटरने फट बंद केली, धुराची नळी तपासली. ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीपासून फ्रिजपर्यंत जाड वायर टाकली; आता इंजिन चालू असताना फ्रिजच्या टोकाशी १२.९ मिळतात. मार्चच्या जोडसुट्टीत मरे नदीकाठच्याच एचुका गावाला गेलो, बाहेर ३५, फ्रिज दिवसभर ४ ते ५. तक्रार नाही.

मग थ्री-वे काढून कॉम्प्रेसरचा फ्रिजच का बसवत नाही, असं ओळखीचे विचारतात. बरोबर आहे, सोलर आणि लिथियम बॅटऱ्या आल्यापासून नव्या गाड्यांत बहुतेक तोच दिसतो, आणि ४३ अंशांत तो निश्चित सरस. पण आमच्या जुन्या गाडीत बॅटरी, पॅनल, वायरिंग सगळंच बदलावं लागेल. मधला मार्ग म्हणून गाडीच्या डिकीत एक लहान कॉम्प्रेसर पेटी घेतली आहे, दुधासाठी आणि आई येतील तेव्हा पेनांसाठी. भाज्या, फळं, पीठ भिजवलेलं, हे थ्री-वेमध्ये. श्रीखंड अजूनही एस्कीतच जातं, बर्फावर.